न नांगरलेलं वावर

नागपूर
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय केशव,

अनेक आशीर्वाद. साठीला टेकलेल्या माणसाला 'चिरंजीव' लिहिताना हात थबकतो, म्हणून नुसतं प्रिय लिहिलं. मी बरा आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा तिच्या मते वाईट आहे आणि माझ्या मते सोयीचा आहे. देवळाच्या पायऱ्या चढताना दुखत नाही, माझ्यासाठी चहा टाकायला उठताना दुखतो. तू गोळ्या वेळेवर घेतोस का? तुझ्या उत्तरावर माझा भरवसा नाही, गोपिकाला विचारून खरं काय ते कळव.

फोन हाताशी असताना या माणसाला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू 'हो' आणि 'बरं' यापुढे जात नाहीस आणि मी तब्येत, ऊन, कापसाचा भाव यापुढे जात नाही. तेहतीस वर्षं कृषी सहायक म्हणून गावोगाव हिंडलो, कागद काळे केले. बोलण्यापेक्षा लिहिणं मला जमतं. आणि लिहिताना समोरचा 'ठेवतो आता' म्हणत नाही.

आज सकाळी कळमन्याच्या बाजारात गेलो होतो. संत्री सुरू झाली आहेत. दोन किलो मागितली तर अडत्या हसला, मग अख्खं क्रेट घेऊन ऑटोत बसलो. वहिनीनं दारातच विचारलं की दुकान टाकायचं आहे का. पण तुझ्या लेकीला संत्री आवडतात. ती सालीसुद्धा फेकू देत नाही. गच्चीवर तिनं एक जुना ड्रम ठेवला आहे, त्यात साली, चहाचा चोथा, शेजारच्यांच्या घरची पानं, सगळं जातं. वहिनी म्हणते, पोरीनं माझ्या डोक्यावर उकिरडा आणून ठेवला. पण मागच्या आठवड्यात त्यातलं खत तुळशीला घातलं आणि आता तीच शेजारणींना सांगत फिरते.

हर्षा बरी आहे. सकाळी मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत जाते, तिथून बसनं माती परीक्षणाच्या लॅबमध्ये. दिवसभर कोणाकोणाच्या शेतातली माती चाळते, तपासते. संध्याकाळी येते तेव्हा नखांत माती असते. जेवते नीट, बोलते कमी. तू फोन केलास की ती स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून भांडी घासत बसते. तू तिला फोन द्यायला सांगत नाहीस, मीही देत नाही. हे असं पावणेदोन वर्षं चाललं आहे.

आता मुद्द्यावर येतो. गुरुवारी तू फोनवर सहज सांगितलंस की पाडव्यापासून वावर चंपतरावला ठेक्यानं देतो आहेस. मी काहून म्हणून विचारलं, तर म्हणालास, "करनारं कोन आहे आता, दादा?" मी म्हणालो, बघ, तुझी मर्जी. आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. चंपतराव माणूस सोन्यासारखा आहे, पण ताबा मिळाला की तो पहिल्या दिवशी काय करील हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तो नांगर घालील.

केशव, त्या पाच एकरांबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. त्यातलं बरंच तुझंच तुला सांगणं होईल, पण ते एकदा माझ्या अक्षरात लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

तू २०१६ साली नांगर बंद केलास. उंच वाफ्यांचे कायमचे बेड केलेस, कापसाची पऱ्हाटी उपटायची सोडून बुडापासून कापलीस, मुळं जमिनीतच ठेवलीस, पालापाचोळा जाळला नाहीस. मी गावी आलो होतो, तेव्हा तू मला बांधावर उभं करून समजावलंस. झाडं हवेतला कर्ब पानांनी ओढतात, मुळांवाटे मातीत उतरवतात. माती उलथली नाही तर तो तिथेच मुरतो, उलथली की पुन्हा हवेत. उन्हाळे असे वाढत चालले आहेत, त्याला हाच हवेतला कर्ब कारण आहे, असं तुला कोणीतरी शिबिरात सांगितलं होतं. तू म्हणालास, "दादा, वरतचा धूर मी खाली पुरून राहिलो. माह्यानं एवढंच होते."

मी काय केलं? हसलो. आणि पुढच्याच महिन्यात लग्नाच्या पंगतीत, तू समोर वाढत असताना, पन्नास माणसांत म्हणालो की आमच्या केशवचं ते आळशाचं वावर, नांगरायचा कंटाळा आला की माणूस शास्त्र काढतो. सगळे हसले. तूही हसलास आणि माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवलास. तो लाडू मी खाल्ला.

खोल नांगरट करा, काडीकचरा पेटवा, जमीन उन्हात तापू द्या, हे मी तेहतीस वर्षं लोकांना शिकवलं. त्याबद्दल मला खात्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते समोरच्याच भिंतीवर आहे. तुझं खरं मानायचं तर माझं काय उरतं, हा प्रश्न होता. पुढे विद्यापीठातली माणसं तुझं वावर पाहायला यायला लागली. जीपमधून उतरायची, तुझ्याशी तासतासभर बोलायची. बारावी नापास झालेला माझा धाकटा भाऊ मुठीत माती घेऊन त्यांना गांडुळं दाखवायचा. मला कोणी बोलावलं नाही. मला तुझा हेवा वाटत होता, केशव. सरळ लिहितो, हेवा.

वहिनी जेवायला हाका मारते आहे. एवढं लिहून झालं तरी जे लिहायला बसलो ते राहिलंच आहे. उद्या पुरं करतो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

उद्याचं परवा झालं. सोमवारी कागद पुढे घेऊन बसलो आणि पेन्शनचं काम आठवलं, मग सदरच्या कचेरीत जाऊन आलो. काम काही नव्हतं.

आधी मातीच्या पुड्यांचं सांगतो. जानेवारीत वरच्या फळीवर औषध शोधत होतो, तर मागे चपलांच्या डब्यात कागदाच्या पुड्या सापडल्या. प्रत्येकीवर हर्षाच्या अक्षरात आकडा. बेड नंबर सात, बेड नंबर बावीस. खाली तारीख. त्यात तुझ्या वावरातली माती आहे, केशव. दिवाळीला दोन दिवस गावी येते ना, तेव्हा पहाटे तुम्ही उठायच्या आत जाऊन खणते. डब्यात घालून आणते, लॅबमध्ये स्वतःचे पैसे भरून तपासते. तू सुरू केलंस तेव्हा सेंद्रिय कर्ब शून्य पॉइंट अडतीस टक्के होता. आठ वर्षांत तो शून्य पॉइंट एकाहत्तरवर गेला. नांगरटीनंतरच्या दिवाळीला पंचावन्न. आणि या दिवाळीला एकोणसाठ. तू कोणाला न सांगता पुन्हा बेड केलेस, पुन्हा मुळं राखलीस, आणि माती पुन्हा वर येते आहे. हे तुला कोणी सांगितलं नसेल. ती सांगू शकत नव्हती.

आता ती नांगरट.

मे २०२४. तुझं बायपास झालं, गोपिका तुझ्याजवळ, हर्षा गावी घर सांभाळायला. मला चंपतरावचा फोन आला. म्हणाला, केशव आजारी, पेरणी तोंडावर, वावर तसंच पडून आहे, आम्ही सगळे मिळून करून देतो, फक्त तुम्ही मोठे आहात, तुम्ही हो म्हणा. आपल्या गावाची रीतच आहे. आजारी माणसाचं वावर पेरणीआधी गावानं तयार करून द्यायचं, दाम घ्यायचा नाही, फक्त जेवायचं. आपल्या बाबांना कावीळ झाली तेव्हाही अशाच बैलजोड्या आल्या होत्या. मी हो म्हणालो.

मी तिथे थांबलो असतो तर ती चूक झाली असती आणि चुकीला माफी असते. पण केशव, मला माहीत होतं. गावाला नीट कळत नव्हतं, चंपतरावला कळत नव्हतं, मला कळत होतं. तुझं आठवं वर्ष होतं, दोन वर्षं राहिली होती. मातीत कर्ब साठवण्याच्या ज्या प्रकल्पात तुझी नोंद होती, त्यात दहा वर्षं नांगर न घालण्याची अट होती, तो कागद तू मला दाखवला होतास. तरी मी हो म्हणालो, आणि मनात म्हणालो की बरं झालं, एकदाचं वावर माणसांत येईल. सकाळच्या एसटीनं गावी आलो. अकरा ट्रॅक्टर उभे होते. तुझ्यावर गावाची केवढी माया आहे ते मी त्या दिवशी पाहिलं.

हर्षा धावत आली आणि पहिल्या ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. हात पसरले नाहीत, आरडाओरडा नाही, नुसती उभी राहिली. मला म्हणाली, "मोठे बाबा, बाबाले विचारलं काय?"

मी म्हणालो, "विचारलं. हो म्हणाला तो."

तू तेव्हा अतिदक्षता विभागात होतास. तुझ्या तोंडात नळी होती.

ती बाजूला झाली. मोठ्या बाबांचा शब्द होता ना. मी ड्रायव्हरला सांगितलं, खोल घाल. दुपारी तिनंच शेजारणींना घेऊन सगळ्यांना रस आणि वांग्याची भाजी वाढली. मलाही वाढलं.

तू जूनमध्ये घरी आलास. काठी घेऊन वावरापर्यंत गेलास, मी सोबत होतो. घरी येऊन खाटेवर बसलास आणि विचारलंस, "कोनं सांगतलं?" माझं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं, पण त्यातून शब्द निघण्याआधी हर्षा म्हणाली, "मी सांगतलं, बाबा."

मी तोंड मिटून घेतलं. तुला वाटलं, पोरीनं बोलावलं म्हणून मी आलो होतो. तू गावात कोणाला विचारलंही नाहीस, कारण ज्यांनी फुकट राबून उपकार केले त्यांना काय विचारणार. उलट छातीवरचे टाके ओढत तू अकराही घरी जाऊन हात जोडून आलास. आणि हर्षाला रागावला नाहीस. एक शब्दही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून वावराचं काही तिच्याजवळ बोलला नाहीस. ती सकाळी सोबत निघाली तर म्हणालास, तू राहू दे. महिनाभर तिनं वाट पाहिली आणि मग इथे नोकरी धरली.

काल संध्याकाळी मी तिला पहिल्यांदा विचारलं की तू तेव्हा खोटं का बोललीस. पावणेदोन वर्षं एका छताखाली राहून पहिल्यांदा. ती ड्रममधलं खत खालीवर करत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "बाबा माह्यावर रागावले त कधी ना कधी ओसरन. तुमच्यावर रागावले असते त जन्मभर बोलले नसते. अन् त्याईची छाती आत्ताच शिवली होती, मोठे बाबा. त्याईले भाऊ पाहिजे होता."

मी विचारलं, शेती करशील? तर म्हणाली, बाबानं हाक मारली त आजच निघतो.

मी खाली आलो. वहिनीला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी असं पाहिलं नसेल. ती म्हणाली, आता मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांगा. म्हणून हे पत्र.

केशव, तू विचारलंस, करणारं कोण आहे. करणारी आहे. मी तिला तुझ्या वावरातून काढून माझ्या घरात आणून ठेवली आहे. चंपतरावला नाही म्हण. पाडव्याआधी म्हण, नाहीतर पुन्हा ट्रॅक्टर फिरेल आणि या वेळी परत वर आणायला तुझं वय राहिलेलं नाही. पोरीला हाक मार. मी तुला हे लिहिलं हे तिला सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर लिहू दिलं नसतं.

हे पत्र गोपिकाला मोठ्यानं वाचायला सांग. तिच्याही मनात लेकीबद्दल काही असेल तर ते जाऊ दे. चंपतरावला आणि पारावरच्यांना सांगायचं असेल तर सांग. मी कधी नाही म्हणणार नाही.

माझ्याबद्दल तुला काही मागत नाही. तू बोलला नाहीस तर ते मला कळेल. तुझी तब्येत सांभाळ, उन्हात फिरू नकोस, आणि हे वाचून छातीत दुखायला लागलं तर आधी गोळी घे, मग मला शिव्या दे.

ज्यानं तुझ्या नावानं खोटं सांगितलं तो,
तुझा थोरला भाऊ
रुपराव


गाव
गुरुवार, ५ मार्च २०२६

बाळ हर्षा,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं असेल ते सुधारून वाच.

तुझ्या मोठ्या बाबांचं पत्र शुक्रवारी आलं. तुझ्या आईनं वाचून दाखवलं. मधे दोन वेळा तिला थांबावं लागलं. त्यात काय होतं ते तू त्यांना विचार, ते सांगतील. तुला सगळं माहीतच आहे, फक्त मला माहीत नव्हतं.

तुझा अंदाज खरा होता. पहिल्या दिवशी मी ठरवलं की दादाचं तोंड पाहायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना तुझी आई म्हणाली, "पोरीनं इतके दिवस तुमचा भाऊ तुमच्यासाठी राखला. आता तुमीच त्याले हाकलून राहिले काय?" दादाला सांग, बोलणं मला एवढ्यात जमणार नाही. पण जेवायला यावं. त्याचं ताट मांडलेलं असेल.

चंपतरावांना नाही सांगितलं. त्यांनी विचारलं, मग करणार कोण. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण नांगराचा ट्रॅक्टर लागला तर मागा. मी म्हटलं, लागणार नाही.

आता माझं सांगतो. तू सोळा वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्यासोबत वावरात आहेस. प्रत्येक बेड तुझ्या पायाखालचा आहे. पऱ्हाटीचं एक मूळ चुकून उपटलं गेलं तर तू हळहळायचीस. ती पोरगी नांगर घालायला सांगेल, हे मी खरं मानलं. मला एकदाही वाटलं नाही की हे हिच्या हातून होणारच नाही. दादा तुझ्याशी खोटं बोलला ते एका वाक्याचं. मी तर तुला ओळखत असून ओळखलं नाही. आणि रागावलो नाही, ओरडलो नाही, त्याला मी माझा चांगुलपणा समजत होतो. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, तू काहीतरी बोलली असतीस. नुसतं गप्प राहून मी तुला घरातून घालवलं.

नोकरीचं काय करायचं ते तू ठरव. इथे ये असं मी म्हणतो, हुकूम करत नाही. पुढच्या शनिवारी, १४ तारखेला, येऊ शकशील का? सकाळच्या पहिल्या एसटीनं ये, ऊन व्हायच्या आत पोचशील. फाट्यावर उतरलीस की घरी जाऊ नकोस. घरी तुझी आई असेल, मोठे बाबा येतील, शेजारीपाजारी असतील. तू सरळ वावरात ये. मी एकटाच असेन. मला तुझी माफी मागायची आहे आणि ती चार माणसांत माझ्या तोंडून निघणार नाही.

वाट पाहतो.

तुझा
बाबा